पाच मागण्यांना एकच उत्तर नको

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

पत्र लिहिणारे गृहस्थ ७१ वर्षांचे आहेत. ऊसपट्ट्यातल्या एका महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर चार वर्षं ते गावोगाव फिरले आणि शेतकऱ्यांची उसाची बिलं तोडणीनंतर किती दिवसांनी खात्यावर जमा झाली, याच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. त्यावर ९६ पानांची पुस्तिका लिहिली. एका प्रकाशकाने ती स्वीकारली, पण सात महिने पत्रव्यवहारच चालू आहे. प्रकाशकाचं म्हणणं असं : १९ तक्त्यांपैकी चारच ठेवा; शीर्षक बदला; कारखान्याच्या संचालकांना नाव घेऊन ‘दरोडेखोर’ म्हटलेला परिच्छेद काढा; थकलेलं बिल म्हणजे शेतकऱ्याने कारखान्याला दिलेलं बिनव्याजी कर्ज, हा शेवटचा निष्कर्ष ‘जरा सौम्य’ करा; आणि ३०० प्रती निम्म्या किमतीत, ६० रुपयांना एक याप्रमाणे, स्वतः विकत घ्या. गेल्या महिन्यात यांनी रागाच्या भरात ‘हस्तलिखित परत पाठवा’ असं कळवलं. तेव्हापासून तिकडून उत्तर नाही. ते विचारतात, “बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला होता. मग मी का वाकू? पण गळीत हंगामाच्या आधी पुस्तिका निघाली नाही, तर तिचा उपयोग काय?”

सर,

पत्रासोबत तुम्ही प्रकाशकाशी झालेला सगळा पत्रव्यवहार जोडलात, हे फार बरं केलंत. चौदाही मेल मी दोनदा वाचल्या. पहिल्यांदा वाचताना मी पूर्णपणे तुमच्या बाजूने होते. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यांनी पाच वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या आहेत आणि तुम्ही पाचही वेळा एकच उत्तर दिलं आहे : तत्त्वाशी तडजोड नाही. शीर्षकाला तेच उत्तर, तक्त्यांना तेच आणि ३०० प्रतींनाही तेच. त्यामुळे जिथे खरोखर तत्त्वाचा प्रश्न होता, तिथलं तुमचं ‘नाही’ बाकीच्या चार नकारांत हरवून गेलं. त्या माणसाला ते ऐकूच गेलेलं नाही.

तुम्ही बाबासाहेबांचा दाखला दिलात, तर तिथूनच सुरुवात करू. तो दाखला अगदी योग्य आहे, पण त्याचा अर्धाच भाग तुमच्या मनात राहिलाय असं मला वाटतं.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने, म्हणजे जातिभेद मोडू पाहणाऱ्या हिंदू सुधारकांच्या संस्थेने, डॉ. आंबेडकरांना अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं होतं. त्यांनी भाषण लिहून छापायला दिलं. छपाई लाहोरला करायची की मुंबईला, यावरूनही पत्रं गेली-आली. मग मंडळींनी मजकूर पाहिला आणि घाबरून कळवलं की वेदांचा उल्लेख नको, धर्मावरचा भाग गाळा, हिंदू धर्म सोडण्याबद्दलचं वाक्य नको. २७ एप्रिलला बाबासाहेबांनी उत्तर पाठवलं, त्यात ते स्वल्पविरामाचं वाक्य आहे. पण त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण सहसा सांगत नाही. या मतांची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे आणि अधिवेशनाने माझ्या मतांचा निषेध करणारा ठराव केला तरी माझी हरकत नाही, असंही त्यांनी मंडळाला सांगितलं होतं. स्वतःचा शब्द त्यांनी सोडला नाही, पण समोरच्याच्या खांद्यावरचं ओझं उतरवून दिलं. तरीही मंडळाला धीर झाला नाही आणि अधिवेशन रद्द झालं. मग त्यांनी भाषणाच्या १५०० प्रती स्वतः प्रसिद्ध केल्या आणि मंडळाशी झालेली पत्रंही सुरुवातीला छापली. दोन महिन्यांत आवृत्ती संपली. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना त्यांनी काय केलं, तर गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यांच्याविरुद्ध लिहिलेले लेख त्याच पुस्तकात घेतले आणि त्यांना उत्तर दिलं.

आता त्याच्या तेरा वर्षं आधीचे आंबेडकर बघा. ते तर तुमच्याच विषयातले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध लंडन विद्यापीठाच्या परीक्षकांना खटकला. त्यांनी मांडणीवर पुन्हा काम करून तो परत सादर केला. निष्कर्ष मात्र तेच ठेवले, असं चरित्रकार सांगतात. १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने तो पुस्तकरूपात काढला. त्याला प्रस्तावना आहे ती त्यांचे लंडनमधले मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांची. तिच्यात कॅनन सरळ म्हणतात की यातले बहुतेक युक्तिवाद मला मान्य नाहीत, पण विचारांत ताजेपणा आहे. तरुण अर्थतज्ज्ञाने आपल्या पहिल्या मोठ्या पुस्तकाच्या तोंडी अशी प्रस्तावना ठेवली!

एकाच माणसाने एकदा मांडणी बदलली आणि एकदा स्वल्पविरामही बदलला नाही. यात विसंगती नाही, कारण दोन्ही वेळा मागणी वेगळी होती. म्हणून तुमच्या पाच मागण्या सुट्या करून बघू.

शेवटून दुसरी आधी घेते, कारण माझ्या मते तुमची सगळी लढाई तेवढीच आहे. थकलेलं बिल म्हणजे बिनव्याजी कर्ज, हे वाक्य सौम्य करू नका. एक अक्षरही नको. ते तुमच्या चार वर्षांच्या पायपिटीचं फलित आहे आणि कायदाही तुमच्या बाजूने आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराची, रक्कम द्यावी लागते आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. हे व्याज तुमच्या नोंदींतल्या किती शेतकऱ्यांना मिळालं, ते तुम्हीच लिहिलं आहे. जे द्यायला हवं होतं ते दिलं नाही, तर बिनव्याजी कर्ज हा शब्द भडक नाही, हिशेबाचा आहे.

मात्र या निष्कर्षाला एक जोड द्या. तुमच्या ९६ पानांत कारखान्याची बाजू मला एका परिच्छेदापुरतीच दिसली आणि तीही हेटाळणीच्या सुरात. ऊस चार-पाच महिन्यांत घ्यावा लागतो आणि साखर वर्षभर विकली जाते. मधल्या काळात गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवून पैसा उभा करावा लागतो, आणि साखरेचा भाव पडला की त्या तारणावर उचलही कमी मिळते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ते चार पानं नीट, कारखान्याचा माणूसही मान डोलवेल असं लिहा. मग म्हणा की ही अडचण खरी आहे, पण तिचं व्याज शेतकऱ्याने का भरायचं? प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर सहकारी कारखाना उभा करणारे धनंजयराव गाडगीळ अर्थतज्ज्ञच होते. ही चळवळ तुमच्या विषयाच्या माणसाने उभी केली आहे, तिच्यावर टीका करतानाही तो आपलेपणा दिसला पाहिजे. विरोधकाचं म्हणणं आपल्याच पुस्तकात छापल्याने बाबासाहेबांचं पुस्तक दुबळं झालं नाही.

आता तक्ते. इथे मी दोन्ही बाजूंनी बोलणार आहे. मी स्वतः बावीस वर्षं प्रकाशनात संपादनाचं काम केलं. पाणीवाटपावरच्या एका पुस्तकातून मी एक अख्खं प्रकरण काढायला लावलं होतं. पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांच्या नुसत्या नोंदी होत्या, मला ते रुक्ष वाटलं. पुढे तालुक्यातली माणसं त्या शिक्षकांच्या घरी येऊन त्याच नोंदींच्या झेरॉक्स मागून नेत. ती चूक माझी होती आणि आजही ती मला लागते. तेव्हा तुमचे १९ तक्ते फेकून द्या, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण सर, तुमचा पहिला तक्ता तिसऱ्याच पानावर येतो. त्यात अकरा रकाने आहेत आणि एकाही रकान्यात माणूस नाही. मी तुमच्याच आकड्यांवरून एक साधा हिशेब करून पाहिला. एखाद्या शेतकऱ्याने ६० टन ऊस घातला आणि दर टनाला ३,००० रुपये धरला, तर बिल होतं १,८०,००० रुपयांचं. १५ टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज २७,०००, म्हणजे दिवसाला ७४ रुपये. चौदा दिवसांची मुदत उलटल्यावर बिल ९० दिवस अडलं, तर साडेसहा हजारांच्या वर रक्कम त्याच्या खिशातून गेली, आणि त्याला ती गेलेली दिसलीही नाही. हा हिशेब झाल्यावर मी पुस्तिका खाली ठेवली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. दिवसाला ७४ रुपये! हा आकडा तुमच्या हस्तलिखितात कुठेच नाही. तो पहिल्या पानावर घ्या. तक्ते शेवटी परिशिष्टात बारीक टायपात जाऊ देत, मजकुरात चार पुरेत. परिशिष्टात जागा होत नसेल, तर मलपृष्ठावर क्यूआर कोड देऊन पूर्ण नोंदी खुल्या ठेवता येतील. एकही आकडा हरवणार नाही आणि वाचकही तिसऱ्या पानावर थांबणार नाही. छापण्यापूर्वी पहिली दहा पानं दूध संकलन केंद्रावर सकाळी चार जणांना मोठ्याने वाचून दाखवा. कुठे त्यांची नजर रस्त्याकडे वळते, तिथे पेन्सिलीने खूण करा. मला याहून चांगला संपादक माहीत नाही.

शीर्षकाबद्दल मी स्पष्टच बोलते. ‘सहकारी साखर कारखान्यांतील ऊसदर-प्रदान विलंबाचे आर्थिक परिणाम : एक अभ्यास’ हे शोधनिबंधाचं शीर्षक आहे. प्रकाशकाने सुचवलेलं ‘उसाचं बिल कुठं अडलं?’ हे तुमच्या वाचकाच्या तोंडचं वाक्य आहे. तुम्ही लिहिलंत की त्याने विषयाचं गांभीर्य जातं. १९२५ साली ब्रिटनने पौंडाची किंमत पुन्हा जुन्याच दराने सोन्याशी बांधली, तेव्हा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सने त्याविरुद्ध लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये लेख लिहिले. तिथे त्यांचं शीर्षक होतं बेकारी आणि चलनधोरण. तेच लिखाण पुस्तिका म्हणून व्हर्जिनिया आणि लिओनार्ड वुल्फ यांच्या होगार्थ प्रेसने काढलं, तेव्हा शीर्षक झालं ‘श्री. चर्चिल यांचे आर्थिक परिणाम’. अमेरिकेतल्या आवृत्तीला तिसरंच नाव होतं, कारण तिथल्या वाचकाला चर्चिलपेक्षा स्टर्लिंगचा, म्हणजे पौंडाचा, दर जवळचा. अर्थशास्त्र तिन्हीकडे तेच होतं. शीर्षक हे दाराबाहेरच्या माणसासाठी असतं, म्हणून ते त्याच्या भाषेत असू द्या.

याच केन्सकडे तुमच्या ‘दरोडेखोर’ परिच्छेदाचंही उत्तर आहे. त्या पुस्तिकेच्या नावातच तेव्हाच्या अर्थमंत्र्याचं, चर्चिलचं, नाव आहे, पण आत टीका आहे ती त्याच्या निर्णयावर. त्याच्या तज्ज्ञांनीच त्याची दिशाभूल केली, असंही केन्स म्हणतो. त्याआधी १९१९ साली पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहावर लिहिताना त्याने पंतप्रधान लॉइड जॉर्जचं एक बोचरं व्यक्तिचित्र लिहिलं होतं. माजी पंतप्रधान ॲस्क्विथसारख्यांनी सल्ला दिला आणि त्याने ते काढून ठेवलं. ते छापलं १९३३ मध्ये. ते काढल्यामुळे तहावरची टीका तसूभरही बोथट झाली नाही. 

आणि इथे प्रकाशकाची भीती खोटी नाही, हे समजून घ्या. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि त्यात लिहिणाऱ्याबरोबर छापणारा आणि विकणाराही अडकू शकतो. ‘दरोडेखोर’ हा शब्द तुम्ही कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. ‘अमुक हंगामात, अमुक तारखेला गाळलेल्या उसाचं बिल इतक्या दिवसांनी जमा झालं’ हे मात्र तुम्ही बँकेच्या पासबुकांनी सिद्ध करू शकता. तो परिच्छेद काढू नका, नव्याने लिहा. कारखान्याचं नाव, तारखा, दिवस, रक्कम, आणि विशेषण एकही नको. ज्यांची पासबुकं वापरली त्या शेतकऱ्यांची नावं मात्र छापू नका; पुढच्या हंगामात त्यांना त्याच कारखान्याकडे तोडणीचा नंबर लावायचा आहे. नवा मजकूर एखाद्या ओळखीच्या वकिलाला दाखवा, म्हणजे प्रकाशकालाही धीर येईल.

राहिल्या ३०० प्रती. १८,००० रुपये. ही मागणी तुम्हाला सगळ्यात जास्त लागली, हे तुमच्या प्रत्येक मेलमधून जाणवतं. ‘पैसे देऊन छापून घेणारा लेखक’ हे बिरुद तुम्हाला अपमानास्पद वाटतं. पण लेखकाने पैसे घातले की पुस्तकाची किंमत कमी होते, हे गृहीतक मला मान्य नाही. तहावरच्या पुस्तकाच्या वेळी केन्सने मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेला सांगितलं की छपाईचा खर्च मी करतो, तुम्ही कमिशन घ्या, नफा माझा. पहिल्या छपाईच्या ५,००० प्रती होत्या आणि वर्षभरात ते पुस्तक जगभर गाजलं. पैसे कुणी घातले, यापेक्षा पैसे घातल्यावर तुमच्या हातात काय आलं, हा प्रश्न महत्त्वाचा. आज तुम्हाला प्रकाशक ३०० प्रती देतोय आणि बदल्यात काहीच कबूल करत नाही. ते कबूल करून घ्या. त्या प्रती तुम्ही गावांत ६० रुपयांनाच विकणार, हे लिहून घ्या. छापील १२० रुपये ऊसतोडीच्या दिवसांत कुणी देणार नाही. बाबासाहेबांच्या त्या पुस्तिकेची किंमत आठ आणे होती, तेव्हा गांधीजींनी टीका करता करता तीही दोन किंवा फार तर चार आणे करा असं सुचवलं होतं. पुस्तिका कुणाच्या हातात पडणार, ते किमतीवर ठरतं, म्हणून तिच्यावर बोलण्याचा हक्क तुम्हाला आहे.

पैसे देण्याआधी करार मात्र कागदावर हवा. तुमच्या चौदा मेलमध्ये ‘करार’ हा शब्द एकदाही नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. प्रताधिकार कायद्याप्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत, म्हणजे या घडीला पुस्तिका सर्वस्वी तुमची आहे. लेखी हक्क देताना मुदत घालायला विसरलात, तर ती पाच वर्षं धरली जाते. तुम्ही दोन वर्षं घाला. पुढच्या आवृत्तीआधी आकडे सुधारण्याची मुभा घाला. पुस्तिका अमुक तारखेपर्यंत निघाली नाही तर हक्क परत, हेही घाला. हे शेवटचं कलम तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं आहे, कारण तुमचं खरं वेळापत्रक कारखान्याचा बॉयलर पेटण्यावर चालतं.

आता त्यांना पत्र पाठवा. तीन आठवडे गप्प असलेल्या माणसाला आणखी वाट पाहायला लावू नका. मी असं लिहिलं असतं :

“स. न. मागच्या मेलमधला माझा सूर चुकला, त्याबद्दल दिलगीर आहे. हस्तलिखित परत मागण्याचं वाक्य मी मागे घेतो. आपण सुचवलेलं शीर्षक मान्य आहे. मजकुरात चार तक्ते ठेवू, बाकीचे परिशिष्टात, आकडा एकही न गाळता. संचालकांविषयीचा परिच्छेद नव्याने लिहून सोबत जोडला आहे. कारखान्यांच्या अडचणींवर चार पानं वाढवली आहेत. शेवटचा निष्कर्ष मात्र मी बदलणार नाही. तो माझा आहे, प्रकाशकाचा नाही, असं आपण सुरुवातीच्या पानावर छापावं. कारखान्याच्या कुणा पदाधिकाऱ्याला उत्तर द्यायचं असेल तर पुढच्या आवृत्तीत ते मी आनंदाने घेईन. ३०० प्रती घेण्यास तयार आहे, करार झाल्यावर. कृपया दहा दिवसांत कळवावं.”

यावर ते ‘हो’ म्हणाले, तर तुम्हाला चांगला प्रकाशक मिळाला आहे. निष्कर्षावरच अडून बसले, तर हात जोडून बाहेर पडा आणि त्याचा पश्चात्ताप करू नका. मग पुस्तिका स्वतः काढा. तालुक्याच्या गावात ऑफसेट छापखाना असतोच. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून विनामूल्य मिळतो. फक्त दोन कामं स्वतःवर घेऊ नका : मुद्रितशोधन आणि हिशेबाची फेरतपासणी. तुमचा एखादा जुना विद्यार्थी बँकेत असेल, त्याच्याकडून प्रत्येक बेरीज तपासून घ्या. एक आकडा चुकला, तर कारखाना तेवढाच दाखवत फिरेल. आणि छापून झाल्यावर मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयासह कायद्याने नेमलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवा. लहान प्रकाशक हे टाळतात. पण पन्नास वर्षांनी या जिल्ह्यातल्या ऊसबिलांचा इतिहास कुणी शोधायला बसलं, तर त्याला तुमचे १९ तक्ते तिथे सापडले पाहिजेत.

तुमच्यासारखी पत्रं मला इतरांचीही येतात. कुणी गावच्या पतसंस्थेवर लिहिलं आहे, कुणी बाजार समितीच्या वजनकाट्यांवर. त्यांनीही प्रकाशकाचं पत्र समोर ठेवून प्रत्येक मागणीपुढे स्वतःला विचारावं : हे माझ्या निष्कर्षाबद्दल आहे, वाचकाच्या सोयीबद्दल आहे, कायद्याबद्दल आहे, की पैशाबद्दल? ज्या मागणीचं उत्तर पटकन सुचणार नाही, तिच्यावर एक रात्र जाऊ द्यावी आणि मेल सकाळी पाठवावी.

सर, मोळी टाकायला, म्हणजे गळीत हंगाम सुरू व्हायला, अजून अडीच महिने आहेत. पत्र आजच पाठवा. आणि पुस्तिका निघाली की एक प्रत मला पाठवा, ६० रुपये मी मनिऑर्डरने देईन. ते ७४ रुपये पहिल्या पानावर आले का, ते मला बघायचं आहे.